टेकाडावरचा आडोसा

सुंदरबाईची सकाळ कुणाला तरी नावं ठेवल्याशिवाय उजाडत नसे. त्या दिवशी पहिला मान दुधाला मिळाला. "म्हशीचं म्हणे! म्हैस याच्या शेजारून गेली असंन फक्त," असं म्हणत तिनं पातेलं गॅसवर ठेवलं. मग पुण्याच्या मुलाचा फोन आला. स्वप्नील रोज सकाळी फोन करायचा आणि रोज एकच विचारायचा, आई जेवलीस का. "दिवस उगवताच कोणतं जेवण करतात रे तुमच्या पुण्यात?" असं विचारून तिनं फोन ठेवला. त्यानंतर ओसरीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत बसलेल्या झुलालची पाळी. झुलाल तिचा सालदार, वर्षाच्या बोलीवर आलेला गडी. वर्षं सरत गेली, तो राहिलाच. त्याला ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. तो मात्र शांतपणे ठेचा लावून घास घेत राहिला. बैलाच्या खांद्याला पडतात तसे घट्टे त्याच्या कानांना पडले होते.

एवढ्यात कडी वाजली.

त्या गावात दिवसा कडी कुणी वाजवत नाही. रावेरहून निघालेली एस.टी. जिथं वळसा घेऊन माघारी फिरते ते हे गाव. पुढं रस्ता नाही, तापीचं अडवलेलं पाणी आहे. दारं उघडीच असतात आणि माणूस "अक्का वं" म्हणत थेट चुलीपाशी येतो. कडी वाजवतो तो एक तर मीटर पाहणारा, नाहीतर मत मागणारा.

"ये, मेल्या, कोण असशीन तो," सुंदरबाई आतून म्हणाली.

दारात हारुन उभा होता. त्याची मासेमारीची नाव होती आणि गावात कडी वाजवण्याइतकी रीत पाळणारा तोच एक. त्याच्या मागं पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेली, उन्हानं लाल झालेली एक मुलगी होती.

"अक्का, ह्या हेमांगीताई. धुळ्याहून आल्यात. पक्ष्यांचा अभ्यास करतात. तुमची मागची खोली मिळंल का म्हणतात."

"कशाचा अभ्यास?"

"पक्ष्यांचा," मुलगी म्हणाली.

"धुळ्याले चिड्या नही का?"

"आहेत ना, अक्का. पण ह्या नाहीत." असं म्हणून मुलीनं मागच्या उघड्या दाराकडं बोट दाखवलं.

मागच्या दारातून पाण्याच्या मधोमध एक टेकाड दिसत होतं. बोडकं, मुरमाड, गारगोट्यांचं. कागदावर ते सरकारचं. गावाच्या बोलण्यात सुंदरबाईचं टेकाड. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिचं चांगलं काळं शेत बुडालं आणि हे तेवढं वर राहिलं, ज्यावर कधी काही पिकलंच नव्हतं. तिचे मालक, रतिलालभाऊ, होते तोवर दुपारचा डबा त्या टेकाडावर बसून खायचे आणि खाली उभी असलेली केळी बघायचे. आता मालकही नव्हते आणि केळीही नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला उरलेल्या तुकड्यात ती बाग करायची, पण डोळा असायचा टेकाडावर.

मुलीनं सांगितलं ते असं. टेकाडावर काळ्या पोटाचे सुरय येतात. नदीकाठचा पक्षी, आता फार थोडे उरलेले. ह्या भागात अंडी घालतात ती फक्त तिथं. गेल्या वर्षी एकही पिल्लू उडालं नाही. यंदा उडाली तर विणीच्या दिवसांत टेकाड बंद ठेवायचं असं वनखात्यानं मनावर घेतलं आहे. नाही उडाली, तर पंचायतीची जी मागणी आहे तिला हरकत घ्यायला कुणाकडं कारण उरत नाही.

"कशाची मागणी?"

"पर्यटनाची. नावा, झोके, फोटो काढायची जागा."

"म्हणजे गिरधरची," सुंदरबाई म्हणाली. "खोली घे. पंखा जोरात फिरत नही. झुलाल, पोरीचं ओझं उचल, बसला काय गणपतीसारखा!"

गिरधर हा तिचा चुलत दीर. गावची सरपंच त्याची बायको दिपमाला; सही तिची, खुर्ची त्याची. ज्या वर्षी पाणी चढलं त्या वर्षी सुंदरबाईच्या बागेत घड कापणीला आले होते. ते अर्धे पाण्यात लटकत असताना गिरधरनं काठावर मंडप घातला, बँड लावला, नव्या पाण्याची पूजा केली आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढं धरला. "वहिनी, प्रसाद." तिनं तो घेतला आणि त्याच्या पायाशी टाकला. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याच्याविषयी मात्र एक दिवस खंड पडला नव्हता. हा माणूस टोपी घालतो ती डोकं झाकायला नाही, आत काही आहे असं वाटावं म्हणून. ह्याच्या वाढदिवसाच्या फलकावर ह्याच्यापेक्षा ह्याचा गॉगल मोठा. हा मेला तर यमाकडूनही आधी हार मागेल. ऐकणारे हसायचे, आणि त्यांची पाठ वळली की ती त्यांनाही नावं ठेवायची.

हेमांगीलाही तिनं सोडलं नाही. मुलगी दिवसभर पत्र्याच्या सावलीत तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसायची. "नवरा बघायले बसतात अशा पोरी," सुंदरबाई झुलालला ऐकू जाईल असं म्हणायची, "अन् ही चिडीचं बूड बघू राह्यली." संध्याकाळी मुलगी आईशी फोनवर अहिराणीत बोलायची, "बठ्ठं बरं शे, काळजी नको करू," तर ही आतून ओरडायची, "तुमचं धुळ्याचं शे-शे ऐकून माझी गाय दूध चोरते वं!" मुलगी हसायची. ह्या हसण्याचाच सुंदरबाईला राग यायचा, आणि मग ती तिच्या ताटात वांग्याचं भरीत जरा जास्तच वाढायची.

एक दिवस तिनं स्वतःच दुर्बिणीला डोळा लावला.

"घरटं कुठी आहे?"

"तो पक्षी बसलाय ना, त्याच्या खाली. तेच घरटं."

"हे? ही तर गोट्या खेळायची गल आहे!" सुंदरबाई सरळ झाली. "काडी नही, गवत नही, बोटभर कापूस नही. उघड्या मुरमात तीन अंडे टाकले अन् बसली वर. वं माय, पारवा बी याच्यापेक्षा बरा संसार करतो."

"त्यांना उघडंच लागतं, अक्का. बसल्या जागेवरून चहूबाजूंनी दिसलं पाहिजे. कोण येतंय ते लांबून कळलं की उठायला वेळ मिळतो. म्हणून तर ते बेट बघतात, आणि बेटातसुद्धा बोडकी जागा बघतात."

"चहूकडं तर वाळवंटात बी दिसतं. तठी कोणी बाळंतपण करत नही."

"आणि ऊन वाढलं ना, की पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतात. ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. अंडी थंड राहतात."

सुंदरबाईनं तिच्याकडं बघितलं. ह्यावर बोलण्यासारखं तिच्याकडं बरंच होतं. पण तिनं एवढंच म्हटलं, "सावली करायची अक्कल नही म्हणून पाणी वाहते, दुसरं काय." आणि ती आत गेली.

पण मनातून ते जाईना. रावेर-यावलच्या बाईला कुणालाही वाढवायचं म्हटलं की पहिली गोष्ट सुचते ती वारा अडवणं. बागेच्या कडेनं शेवरी लावायची. पश्चिमेला बांबू रोवून हिरवी जाळी ताणायची. नवं कोवळं रोप असेल तर त्याला कापडाची टोपी. चैत्र-वैशाखातली झळ केळीचं पान दोऱ्यासारखं फाडते, घड भाजून काढते. आडोसा नसलेली बाग आणि पदर नसलेली बाई ह्यांना ह्या गावात सारखंच बोललं जातं. सुंदरबाईनं आयुष्यभर आडोसे उभे केले होते. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगायची. मग समोरच्या टेकाडावर, तिच्या टेकाडावर, तीन-तीन अंडी घेऊन उन्हात बसलेल्या ह्या मूर्ख चिड्या बघत बसायचं? आणि त्या हरल्या की तिथं गिरधर झोके बांधणार?

हेमांगी मावसबहिणीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेली, तेव्हा सुंदरबाईनं हारुनला बोलावलं.

"नाव काढ. बांबू न्यायचे आहेत."

हारुननं अंगणातले बांबू बघितले, हिरव्या जाळीचा गठ्ठा बघितला. "अक्का, ताईंना विचारलं का?"

"ताईले विचारून मी पोरं वाढवली का? तू मासे मार. डोकं नको मारू."

झुलाल तर आनंदानं निघाला. ज्याला जन्मभर केळीला कुडाचा आडोसा घालायची सवय त्याला टेकाड काय आणि बाग काय. "पश्चिमेच्या अंगाले दाट बांधू, अक्का," तो म्हणाला. "झळ तिकडूनच येते." पहिल्यांदाच त्याचं काहीतरी तिला पटलं.

गाव उठायच्या आत, सकाळच्या थंड वेळेला त्यांनी काम उरकलं. पक्षी वर घिरट्या घालत होते, किंचाळत होते, अंगावर झेपावत होते. एकानं झुलालच्या टोपीवर नेम धरून बीट टाकली. "बघ," सुंदरबाई म्हणाली, "ज्याच्यासाठी राबा तोच अंगावर हगतो. माणसाचीच जात." तिनं पायाखाली बघून पाय टाकला, एकाही अंड्याला धक्का लागू दिला नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला बांबूंची रांग, त्यावर ताणलेली जाळी, आणि प्रत्येक घरट्याच्या शेजारी दोन काड्यांवर केळीचं पान तिरकं. काठावर परतून तिनं मागं वळून बघितलं. एवढं नीटनेटकं टेकाड तिनं कधी बघितलं नव्हतं. रतिलालभाऊ असते तर म्हणाले असते, बाई, तुझ्या हाताला गुण आहे. ते जिवंत असताना असं कधी म्हणाले नव्हते, पण आता म्हणाले असते.

पक्षी परत बसले. "बसले का नही?" ती हारुनला म्हणाली. हारुननं मान डोलावली. तो टेकाडाकडं बघत नव्हता, बांबूंच्या टोकांकडं बघत होता. पण सुंदरबाईला काही सांगायचं म्हणजे भिंतीला चहा पाजायचा. तो नाव बांधायला वळला.

दुसऱ्या दिवशी अंगणात बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, काम होतं. शेजारणी जमल्या होत्या, ज्वारीचा घाटा शिजला होता, खाटांवर धोतरं पसरून बिबडे थापले जात होते. विजेच्या तारेवर नेहमीचे कावळे नव्हते. एक शेजारीण म्हणाली, "आज कावळे कुठी गेले वं?"

"गिरधरच्या घरी गेले असतीन. जातभाई," सुंदरबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. हसता हसता तिची नजर मागच्या दारातून पाण्याकडं गेली. बांबूंच्या टोकांवर काळे ठिपके होते.

ती उठली, हाताचा घाटा पदराला पुसला आणि दुर्बिणीपाशी गेली. कावळा बांबूवर बसला होता, मान वाकडी करून खाली बघत होता. तिचा बिबडा उचलण्याआधी तो जसा तारेवरून बघायचा, अगदी तसा. मग तो उतरला. जाळीच्या ह्या बाजूला बसलेल्या सुरयाला तो दिसलाच नाही, अगदी जवळ येईपर्यंत. सुरय उडाला, ओरडला. पण दुसऱ्या बांबूवरून दुसरा उतरला होता.

"झुलाल!" ती ओरडली. "हारुनले हाक मार!"

हारुन सकाळीच मासळी घेऊन सावद्याला गेला होता. त्याची नाव काठाला बांधलेली होती आणि वल्हवायला कुणी नव्हतं. सुंदरबाई काठावर उभी राहून थाळी वाजवत राहिली. पाण्यापलीकडं ती कुणाला ऐकू जाणार होती? शेजारणी आपापसात बघू लागल्या. खाटांवरचे बिबडे उन्हात कडक होत होते आणि ही बाई टेकाडाकडं तोंड करून थाळी बडवत होती.

हेमांगी परतली ती ओसरीवर पेढ्याचा पुडा ठेवून थेट दुर्बिणीकडं गेली. पुष्कळ वेळ ती तिथून हलली नाही.

"अक्का, अंडी नाहीत. एकसुद्धा नाही." ती वळली. "टेकाडावर कावळ्याला बसायला उंच जागा नव्हती, अक्का. झाड नव्हतं, खांब नव्हता. म्हणून तर त्यांनी ही जागा धरली होती. आणि ह्या माणसानं बसायला बांबू दिले, वर जाळी लावून पक्ष्यांचे डोळे बांधले. कुणी शिकवलं असेल त्याला एवढं?"

"कोणाले?"

"गिरधरला. दुसरं कोण करणार हे?"

सुंदरबाईनं पेढ्याचा पुडा उचलला, झाकण उघडलं, परत लावलं.

"तो करंन," ती म्हणाली. "त्याचा काय भरोसा."

मुलगी पंचायतीत गेली आणि भर लोकांत गिरधरला बोलली. गिरधरनं आईची शपथ घेतली, देवाची घेतली, टोपी काढून हातात घेतली. गाव खदखदा हसलं. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं बोलणं असेल, आणि तेच कुणी खरं मानेना. संध्याकाळी लोक सुंदरबाईच्या ओसरीवर येऊन त्याची नक्कल करून दाखवत होते, शपथ घेताना त्याचे गाल कसे थरथरत होते ते. तीही हसली. किती वर्षं वाट बघितलेलं सुख होतं ते! पण घशाखाली उतरताना ते कडू लागलं. झुलाल कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "अक्का, मी जाऊन सांगू का?" तो हळूच म्हणाला. "काय सांगशीन, मेल्या? खाय अन् झोप."

बांबू काढायला हेमांगी, हारुन आणि झुलाल गेले. गाठी झुलालनं मारलेल्या. त्यानं त्या न बघता सोडल्या. हारुन पाण्याकडं तोंड करून उभा होता. मुलीनं झुलालच्या हातांकडं बघितलं.

टेकाड पुन्हा बोडकं झालं. आणि ज्या चिड्यांना सुंदरबाई मूर्ख म्हणत आली होती त्यांनी तिथंच, टेकाडाच्या पुढच्या टोकाला, जिथं तिच्या मते सगळ्यात जास्त ऊन लागतं तिथं, नव्या गली उकरल्या. "अक्का, परत घातली!" हेमांगीनं तिला खांद्याला धरून हलवलं. "पहिली गेली तर कधीकधी दुसरी घालतात. ह्यानंतर मात्र नाही. ऊन फार चढेल." सुंदरबाई बघत राहिली. एक पक्षी पाण्याला पोट घासून आला, पंख हलकेच उचलून अंड्यांवर बसला. "निर्लज्ज आहेत," ती म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

अंडी फुटायच्या सुमाराला गावात फलक लागले. महाराष्ट्र दिनी बेट महोत्सव. फलकावर गिरधरचा गॉगल, त्याच्या काचेत टेकाड. पंधरा नावा, डीजे, मुलांना झोके. आधी त्याच्या मनात निवडक पाहुणे न्यायचे होते, आता तो पारावर सांगत सुटला होता, "अख्खा गाव नेतो. आळ घेतला ना माझ्यावर? न केल्याचं नाव झालं, आता करूनच दाखवतो."

हेमांगीनं वनखात्यात फोन केला. पिल्लं उडाल्यावर कागद हलेल, तोवर पंचायतीला विनंती करा, असं उत्तर आलं. ती गिरधरकडं गेली आणि तशीच परतली. ओसरीच्या पायरीवर बसली. तिनं चप्पलही काढली नव्हती.

"पिल्लं मुरमाच्या रंगाची असतात, अक्का. माणसाला दिसत नाहीत, पायाखाली येतात. आणि माणसं वर असली की आई-बाप खाली उतरत नाहीत. उन्हात पिल्लू असं किती टिकणार? तासभर नाच झाला तरी संपलं." तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली. "तो म्हणतो, मी जाळी बांधली नव्हती. आणि त्याचं तोंड बघून मला ते खरं वाटलं. मग कोणी बांधली असेल?"

आतून झुलालच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी," सुंदरबाई म्हणाली.

हेमांगीनं मान वर केली. ती रडेल, ओरडेल, सामान बांधेल असं सुंदरबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मुलीचा वरचा ओठ जरासा वळला, डोळे बारीक झाले आणि तिनं नजर दुसरीकडं नेली, नासलेल्या दुधावरून न्यावी तशी. सुंदरबाईनं ते तोंड लगेच ओळखलं. तेच तोंड घेऊन ती स्वतः जन्मभर ह्या गावात हिंडली होती. समोरून बघितलं की ते कसं दिसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"ऊन लागत होतं त्यांले," ती म्हणाली. मुलगी पायरीवरून उठली. "मले वाटलं..."

सकाळी तिनं नवं लुगडं नेसलं. झुलालला घरी बसवलं. गिरधरच्या घराला संगमरवरी पायऱ्या होत्या आणि फाटकावर सिमेंटचे दोन केळीचे घड, पिवळ्या रंगानं रंगवलेले. एरवी ह्या घडांवर तिनं गावाला पोट धरून हसवलं होतं. आज ती त्यांच्या मधून आत गेली.

गिरधर ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी डीजेचं सांगत होता. तिला बघून त्याचा फोन कानावरून खाली आला.

"वहिनी? अठी? दिवस कुठून उगवला आज?"

"उगवतो तिकडूनच."

दिपमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली. ह्या दोघांना एकमेकांशी बोलताना तिनं लग्न होऊन आल्यापासून बघितलं नव्हतं.

"बसा."

"बसायले नही आली. टेकाडावरची जाळी मी बांधली. झुलालनं गाठी मारल्या, सांगणं माझं होतं. त्या पोरीले काही माहीत नव्हतं. तिनं तुझं नाव घेतलं अन् मी घेऊ देलं."

गिरधर तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या गालांवर हळूहळू हसू पसरलं. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण ती उभी राहिली.

"ऐकलं का वं?" तो बायकोला म्हणाला. "गावभर मले कावळ्याचा जातभाई म्हणत फिरली बाई, अन् कावळ्याले बसायले घोडा देला कोणी? हिनं! अन् मी आईची शपथ घेतली तर लोक माझ्या गालांची नक्कल करतात!"

"हो."

"हो काय? हे पारावर सांगशाल का?"

"आजच सांगीन. तू बी ये. नक्कल करायची तर माझी करजो."

गिरधरचं हसू थोडं आकसलं. नावं ठेवणाऱ्या सुंदरबाईचं काय करायचं हे त्याला पाठ होतं. ही दुसरीच बाई त्याच्या ओट्यापुढं उभी होती. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"वहिनी, खोबरं माझ्या पायाशी टाकलं होतं तुम्ही. चार लोकांत."

"घड लटकले होते रे माझे पाण्यात."

दिपमालानं तांब्या पुढं केला. सुंदरबाईनं तो घेतला, उभ्यानं पाणी प्याली आणि पदरानं तोंड पुसलं. गिरधरच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी अजून हॅलो हॅलो म्हणत होतं. त्यानं तो बंद केला.

"मग? नुसतं कबूल करायले तर तुम्ही आल्या नसान. मागायचं काय ते मागा. पण मले माहीत आहे, टेकाडच मागशाल."

"टेकाड नही मागत. ते कोणाचंच नही आता." आयुष्यात तिनं कुणाकडं वाटीभर विरजणही मागितलं नव्हतं; शब्द कसे लावतात हेही तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं ते होते तसेच सांगितले. "चिड्यांची पिल्लं उडून जातीन तोवर तठी कोणाले नेऊ नको, गिरधरभाऊ. एवढंच ऐक."